प्रभुभोजनाची यादी

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन असतं आणि त्याची तयारी गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळे भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घेतात. खांदा कॉलनीतल्या एका शाळेचा तळमजल्यावरचा हॉल आम्हाला रविवारी सकाळी वापरायला मिळतो. तिथे घंटा नाही, वेदी नाही. लाकडी क्रूस आम्ही कपाटातून काढून टेबलावर ठेवतो आणि उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद झाला की पुन्हा कपाटात.

शनिवारी मी काळे मनुके धुऊन भिजत घालतो. रविवारी पहाटे ते उकळून, कुस्करून पांढऱ्या फडक्यातून गाळतो; हाच आमचा द्राक्षरस. भाकर म्हणजे साधा ब्रेड; त्याच्या कडा काढतो आणि एका स्लाइसचे सोळा तुकडे करतो. चार स्लाइसचे चौसष्ट. मंडळीच्या यादीत अठ्ठावन्न नावं. वरचे सहा तुकडे पाहुण्यांसाठी. काचेचे छोटे पेलेही चौसष्टच भरतो. न्हावा शेवाकडच्या एका गोदामात आलेला माल मोजून घेणं हे माझं पंचवीस वर्षांचं काम आहे, त्यामुळे हे मला जड जात नाही. बायको म्हणायची, “देवाला तुमच्यासारखा कारकून शोधून सापडला नसता.” ती चेष्टेत म्हणायची. मला ते मनातून आवडायचं.

देवाचा आदर मला वडिलांनी असाच शिकवला, बारीकसारीक गोष्टींतून. पवित्र शास्त्र उघडण्याआधी हात धुवायचे. त्याच्यावर चष्मा, पेन, वर्तमानपत्र, काहीही ठेवायचं नाही. प्रार्थनेत पायावर पाय टाकून बसायचं नाही. जेवणाआधी आभार मानून होईपर्यंत ताटाला हात लावायचा नाही, आमटी निवली तरी चालेल. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या घरी आजही प्रार्थनेला टीव्ही बंद होतो, मिक्सर बंद होतो. कुकर तेवढा कुणाचं ऐकत नाही.

प्रभुभोजनातून उरलेल्या भाकरीचेही नियम आहेत. ती टाकायची नाही, पक्ष्यांना घालायची नाही, घरी न्यायची नाही. उपासना संपली की मी आणि पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, ती खाऊन संपवतो, उरलेला रस पितो. पेले विसळलेलं पाणीसुद्धा मोरीत जात नाही, शाळेच्या आवारातल्या जास्वंदीला जातं. घरी न्यायची नाही हा नियम मीच मंडळीच्या पंचांच्या सभेत लिहून घेतला होता. काही वर्षांपूर्वी एका बाईंनी तुकडा नेऊन तांदळाच्या डब्यात ठेवला, डबा कधी रिकामा होऊ नये म्हणून. ते कळल्यापासून मी लक्ष ठेवायला लागलो. आठ-आठ जण पुढे येऊन सतरंजीवर गुडघे टेकतात, पाळकसाहेब प्रत्येकाच्या तळहातावर तुकडा ठेवतात आणि मी ताट धरून त्यांच्या मागे सरकत असतो. त्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. माझे उघडे असतात.

गेल्या वर्षी ऑक्टोबरचा पहिला रविवार, दिवाळीच्या आधीचा. आपट्याहून एसटीने येणाऱ्या एक बाई रांगेत शेवटच्या होत्या. वय साठीचं. मूळच्या उरणच्या बाजूच्या, खाडीकाठच्या. त्यांचे यजमान नगरकडचे. रसायनीतल्या एका कंपनीत गेटवर वॉचमन होते, निवृत्त झाल्यावर आपट्यातच राहिले. बाई लग्नानंतर मंडळीत आल्या. मागे दाराजवळ बसायच्या आणि आशीर्वाद झाला की बससाठी निघायच्या. त्यांच्याशी माझं बोलणं कधी दोन वाक्यांपलीकडे गेलं नव्हतं.

पाळकसाहेबांनी त्यांच्या हातावर तुकडा ठेवला. त्यांनी मूठ मिटली, तोंडापर्यंत नेली आणि तशीच खाली पदरात आणली. जबडा हलला नाही. पेला मात्र प्यायल्या. त्यानंतर उपासनेत कोणतं गीत झालं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी फक्त त्या पदराकडे बघत होतो.

आशीर्वाद झाल्याबरोबर मी ताट हातात घेऊनच दाराशी गेलो. त्या चपला शोधत होत्या.

“बाई, भाकर खाल्ली नाहीत तुम्ही.”

“घेतली ना.”

“घेतलीत. खाल्ली नाहीत. पदरात आहे.”

आजूबाजूला सात-आठ जण होते. चपला घालणारे हात थांबले.

“घरी न्यायची हाय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“घरी न्यायची नसते. हा काही प्रसाद नाही.”

“ठावं हाय मला.”

“ठाऊक आहे, तर मग?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणासाठी, एवढं मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, याबद्दल मला आता शंका नाही. मी विचारलं नाही. ताट पुढे केलं.

त्यांनी पदराची गाठ सोडली. आत इस्त्री केलेला पांढरा रुमाल होता, चार घड्यांचा. त्या रुमालात तो तुकडा. तांदळाच्या डब्यासाठी कुणी असा रुमाल आणत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्यांनी तुकडा ताटात ठेवला.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “मोजून घ्या.”

आणि गेल्या.

पाळकसाहेबांना पुढच्या मंडळीत पोहोचायचं होतं; ते तीन मंडळ्या सांभाळतात. त्या दिवशी उरलेलं मला एकट्यालाच संपवायचं होतं. एक्कावन्न जणांनी भाकर घेतली होती, म्हणजे तेरा तुकडे उरले होते. चौदावा बाईंचा. मी हॉलच्या मागच्या बाजूला टेबलापाशी उभा राहून चौदाही खाल्ले. नियम पाळला, असं मनात म्हणालो. 

घरी जेवायला बसलो. आभार मानून झाले. बायकोने भात वाढला.

“दारात काय झालं मघाशी?”

“काही नाही. नियमाचं होतं.”

“आपट्याच्या बाई ना त्या? नवऱ्यासाठी नेत असतील.”

“नवऱ्यासाठी कशाला? त्यांनी यावं की.”

“अहो, ते कसे येतील? सात महिने अंथरुणावर आहेत. कमरेखाली काही हलत नाही त्यांचं.”

“तुला कुणी सांगितलं?”

“तिनेच. बायका बोलतात एकमेकींशी. डोकी मोजत बसत नाहीत.”

“मग पाळकसाहेब आजारी माणसांच्या घरी जातात, तिथे का नाही गेले?”

“ते मला काय विचारता? म्हणाली, आमचं नाव काढून टाकलंय वाटतं.”

मी उष्ट्या हातानेच उठलो. मंडळीची नोंदवही आमच्या लोखंडी कपाटात असते. डाव्या हाताने पानं उलटली. नाव होतं, आणि त्याच्यावर लाल रेघ होती. पट्टी लावून मारलेली, सरळ. पुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: सलग तीन वेळा अनुपस्थित. हाही आमचा नियम आहे. लागोपाठ तीन प्रभुभोजनांना जो येत नाही त्याचं नाव चालू यादीतून निघतं, म्हणजे रस वाया जात नाही. घरी जाऊन कुणाला द्यायचं ती छोटी यादी या मोठ्या यादीवरूनच तयार होते, आणि तीही मीच करतो. पाळकसाहेब जुलैत बदलून आले. रेघ त्याच महिन्यातली. त्या घरात असा कुणी माणूस आहे हे त्यांना कळायला दुसरा मार्गच नव्हता.

कपाटापाशी उभा असतानाच मला दुसरी गोष्ट आठवली. ईस्टरच्या सुमाराला बाई दाराशी मला म्हणाल्या होत्या, “त्यांना बरं नाय.” मी म्हणालो होतो, “बरं, प्रार्थना करू.” मी ते कुठे लिहिलं नाही. प्रार्थनाही केली नाही.

बायको मागे येऊन उभी होती. तिने वहीत पाहिलं.

“आणि तिच्या हातातला तुकडा काय केलात?”

“खाल्ला.”

तिने जाऊन माझं ताट झाकून ठेवलं.

माझ्या जागी दुसरा कुणी असता तर संध्याकाळीच आपट्याला गेला असता. आमच्या दारातून तिथे दुचाकीने पाऊण तास. मी गेलो नाही. सोमवारी ठरवलं, बुधवारी जाऊ. बुधवारी वाटलं, आधी पाळकसाहेबांना सांगितलं पाहिजे, ते रीतसर होईल. फोन हातात घेतला, आणि नाताळच्या गायनाच्या सरावाबद्दल बोललो. पुढच्या रविवारी बाई आल्याच तर दाराशीच बोलून घेऊ, असंही ठरवलं. त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. आता त्यांचीही गैरहजेरी सुरू झाली, हे माझ्या मनात आलं आणि मला स्वतःची किळस आली.

त्या दिवसांत घरातली रोजची प्रार्थना मला जमेना. डोळे मिटले की पांढरा रुमाल दिसायचा. मग मी उघडायचो. मग उघडल्याची लाज वाटून पुन्हा मिटायचो. गोदामात एकदा खोके मोजताना आकडा चुकला; पुन्हा मोजले तर तिसराच आकडा आला. शेजारचा हमाल म्हणाला, “दादा, आज घरी भांडण झालं काय?” मी हो म्हणालो. खोटं बोलायलाही मला आता वेळ लागत नव्हता.

बायको एकदाच बोलली. भाजी निवडताना, माझ्याकडे न बघता. “तुम्ही योग्य शब्द शोधत बसा. तोवर तो माणूस राहणार आहे का?”

नोव्हेंबरचा पहिला रविवार आला. प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेब सगळ्यांना स्वतःची पारख करायला सांगतात. कुणाविषयी मनात काही असेल, कुणाचं काही बिघडवलं असेल, तर आधी ते मिटवा आणि मग इथे या. अकरा वर्षं मी हे ऐकताना पेल्यांवरचं फडकं नीट करत आलो होतो. त्या दिवशी ऐकलं. सगळ्यांना देऊन झाल्यावर पाळकसाहेब नेहमीप्रमाणे माझ्याकडे वळले आणि तुकडा पुढे केला. मी नको म्हणून मान हलवली. त्यांना वाटलं मला समजलं नाही. त्यांनी पुन्हा पुढे केला. मी पुन्हा मान हलवली. पहिल्या ओळीतल्या लोकांनी ते पाहिलं.

नंतर त्यांनी मला जास्वंदीपाशी गाठलं. ते माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान आहेत, पण आमच्यात पाळकाला वय नसतं.

“काय झालं, काका?”

मी सगळं सांगितलं. रेघ, ईस्टर, रुमाल, चौदा तुकडे. माझं बोलून संपल्यावर म्हणाले, “म्हणजे आठ महिने त्या माणसाला प्रभुभोजन नाही.”

“आठ.”

“आणि त्यातला एक महिना तुम्हाला माहीत असून.”

“हो.”

“पुढच्या रविवारी दुपारी मी येतो. पण काका, त्याआधी तुम्ही एकटे जाऊन या. माझ्या मागे ताट धरून त्या घरात शिरू नका.”

शनिवारी गेलो. हायवे सोडून आत वळलो तशी गर्दी मागे पडली. नदीच्या अलीकडे वस्ती आहे. दोन ठिकाणी विचारावं लागलं. “वॉचमनकाका?” एका बाईने हात दाखवला. पत्र्याचं, पण सारवून स्वच्छ ठेवलेलं घर. बाई ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. मला बघून सूप थांबलं नाही.

“सलाम, बाई,” मी आमच्या मंडळीतल्या रीतीने म्हणालो.

“आज रविवार नाय,” त्या म्हणाल्या. “रस्ता चुकला?”

“तुमच्याकडेच आलो. माफी मागायला.”

“माजी?” सूप चालूच. “मला काय झालंय? मी तर चांगली हाय. माजं नाव हाय तुमच्या वहीत. का तेबी गेलं?”

“आहे.”

“मग? ज्यांचं काढलं ते आत हायेत. त्यांना सांगा. पन मोठ्यानं सांगा, कानानं कमी ऐकतात.”

मी आत गेलो. खाटेवर एक लांब, हाडकुळा माणूस उताणा पडला होता. दाढी केलेली. उशाशी पवित्र शास्त्र होतं, त्याच्यावर काहीही ठेवलेलं नव्हतं. मी स्टुलावर बसलो आणि कोण ते सांगितलं.

“आँ?”

आवाज चढवला. “मंडळीतून आलोय! प्रभुभोजनाची यादी मी करतो!”

“हां हां! या साहेब!”

वाटेत तयार केलेली माझी वाक्यं लांब होती, आणि लांब वाक्य ओरडून सांगता येत नाही. “तुमचं नाव मी काढलं!” मी ओरडलो. “चौकशी न करता! माझी चूक झाली!”

दाराशी सावली पडली. शेजारच्या दोन बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. “काय झालं गं?” एकीने विचारलं. “काय नाय,” बाई बाहेरून म्हणाल्या. “साहेब चूक सांगतायत. ऐका तुमीबी.”

“कशाचं नाव?” म्हातारबुवांनी विचारलं.

“प्रभुभोजनाच्या यादीतलं! तीन वेळा आला नाहीत म्हणून!”

 मग त्यांचा चेहरा उजळला, आणि याची मी अजिबात अपेक्षा केली नव्हती.

“मग बरोबरच केलं तुम्ही! तीन वेळा नाही आला तर नाव काढायचंच. आम्ही गेटवर तेच करायचो. तीन दिवस न कळवता गैरहजर, की पास रद्द. कुणी का असेना. माझंच चुकलं. मी चिठ्ठी धाडायला पाहिजे होती.”

“तसं नाही! बाईंनी मला सांगितलं होतं!”

“तोंडी सांगितलेलं धरायचं नसतं साहेब. चिठ्ठी पाहिजे.”

मला माफी हवी होती. किंवा शिव्या. त्यांनी मला बरोबर ठरवलं, आणि त्यांच्या तोंडून माझा नियम ऐकताना तो मला पहिल्यांदा पूर्ण ऐकू आला. बाई आत आल्या. सूप भिंतीला टेकवलं.

“दोगं बी सारखेच,” त्या म्हणाल्या. “एक खाटंवर, एक स्टुलावर. आठ महिने रोज मला इचारतात, पाळक कवा येनार, पाळक कवा येनार. मी सांगते, येतील. आन् आता म्हनतात बरोबर केलं! चिठ्ठी पायजे होती म्हने! लाज नाय वाटत?”

“काय म्हणते?” त्यांनी मला विचारलं.

“रागावल्यात,” मी ओरडलो.

“असू द्या. चाळीस वर्षं रागावतेय.”

मग मी बाईंकडे वळून, ओरडायची गरज नसताना, तो तुकडा मी खाल्ला हे सांगितलं.  हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं होतं मी तो पुन्हा ताटात मिसळून दुसऱ्या कुणाला दिला असेन.

“त्या दिशी मी घरी येऊन त्यांना सांगितलं, आज भाकर संपली,” त्या म्हणाल्या. “मी खोटं बोलले. भाकरीवरनं खोटं बोलले.” आणि थोड्या वेळाने, “तुमाला गोड लागली?”

 उद्या दुपारी पाळकसाहेबांना घेऊन येतो, एवढं सांगून उठलो.

“या,” बाई म्हणाल्या. “पन उद्या म्हनजे उद्या.”

रविवारी उपासनेनंतर आम्ही दोघे दुचाकीने निघालो. पाळकसाहेब मागे, मांडीवर डबा. दुपारचे अडीच वाजले होते. घरात जमीन नुकतीच सारवलेली होती, स्टुलावर पांढरी उशीची खोळ अंथरली होती. म्हातारबुवांनी सदरा घातला होता, इस्त्रीचा, गळ्यापर्यंत बटणं लावून. सदरा अंगात घालायलाच बाईंना तासभर लागला असावा. त्या घामाने भिजल्या होत्या.

पाळकसाहेबांनी खोळीवर ताट ठेवलं, प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “काका, तुम्ही पडून राहा. काही हरकत नाही.”

“पडून नाही घेणार,” ते म्हणाले.

“देव समजून घेतो, काका!”

“तो समजून घेईल. मी नाही घेणार.” त्यांनी खाटेची कड पकडली. “कंपनीचा साहेब गाडीतनं नुसता गेला तरी मी उभा राहायचो. पाऊस असो, ऊन असो. आज कोण येतंय? उभं राहता येत नाही, बसतो तरी. मला बसवा.”

बाईंनी कपाळाला हात लावला. “सकाळपासनं हेच चाललंय.”

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाटेवर चढलो, त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसलो, दोन्ही काखांतून हात घातले आणि उचललं. ते वजनाला जवळजवळ काहीच नव्हते, पण कंबर धरत नव्हती. जरा सैल सोडलं की सगळे एका बाजूला कलत. मी त्यांना छातीशी धरून ठेवलं. माझ्या हनुवटीखाली त्यांचं डोकं. सदऱ्याला साबणाचा वास. त्यांच्या पाठीचा मणका न् मणका मला लागत होता.

“टोपी,” ते म्हणाले. बाईंनी त्यांच्या डोक्यावरची टोपी काढली.

पाळकसाहेबांनी वाचलं, मोठ्याने, म्हणजे दाराबाहेरच्या शेजारणींनाही ऐकू जावं इतक्या मोठ्याने. त्या आज आत डोकावल्या नाहीत. डोक्यावर पदर घेऊन ओट्यावर उभ्या राहिल्या. त्या आमच्या धर्माच्या नव्हेत. पदर घ्यायला त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. भाकर म्हातारबुवांच्या तळहातावर ठेवली गेली. हात तोंडापर्यंत न्यायला त्यांना मदत नको होती. वेळ लागला. त्यांनी तो तुकडा खूप वेळ चघळला. रसाचा पेला बाईंनी ओठांना लावला. मग पाळकसाहेबांनी बाईंना दिलं. त्यांनी लगेच तोंडात घातलं.

मग ताट माझ्यापुढे आलं. माझे दोन्ही हात गुंतलेले होते.

“नको,” मी म्हणालो. “मी नंतर घेईन.”

“नंतर म्हनजे कवा?” बाई म्हणाल्या.

 पाळकसाहेबांनी ताट बाईंकडे वळवलं. बाईंनी एक तुकडा उचलला आणि खाटेशी आल्या. इतक्या जवळून मी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्यांचा राग गेलेला नव्हता. तो तसाच होता.

“तोंड उघडा.”

“बाई, मी तुमचा तो...”

“ठावं हाय. उघडा लवकर. त्यांची पाठ भरून आली.”

मी उघडलं. त्यांनी तुकडा जिभेवर ठेवला, लहान मुलाला भरवतात तसा नाही, गोळी देतात तसा. मी गिळला. अशा वेळी माणसाला काय वाटायला हवं, ते मी अकरा वर्षांत पुष्कळ ऐकलं आहे. मला इतकंच वाटत होतं की हात आखडतायत आणि ते सैल सोडून चालणार नाही.

आशीर्वाद होईपर्यंत ते बसून होते. आमेन स्वतः म्हणाले. मग आम्ही तिघांनी मिळून त्यांना खाली ठेवलं. बाई सदऱ्याची बटणं सोडायला गेल्या, तर म्हातारबुवांनी त्यांचा हात धरला. सदरा असू दे म्हणाले.

“साहेब,” त्यांनी डोळे मिटूनच मला विचारलं, “पुढचं कधी?”

“डिसेंबरच्या पहिल्या रविवारी! दुपारी!”

“म्हणजे किती दिवस?”

“एकवीस!”

ते ओठांनी पुटपुटत राहिले. आकडा बोटांवर लावून बघत असावेत. पांघरुणावर बोटं हलत होती. मीही त्यांच्या छातीकडे बघत होतो, सदरा वर जात होता, खाली येत होता, दोन श्वासांमध्ये मधूनच खूप वेळ जात होता, आणि माझ्या मनात ते एकवीस दिवस एकेक करून उलटे मोजले जाऊ लागले. थांबवायचा प्रयत्न केला. थांबले नाहीत.

“चहा ठेवते,” बाई म्हणाल्या. “आन् आता गैरहजेरीची चिठ्ठी कुनी द्यायची, ते दोगं मिळून ठरवा.”